तिघांत एक गाडी

३ जानेवारी, शनिवार

दुपारी दादाचा फोन आला. वाढदिवस नाही, कुणी आजारी नाही, आणि दादाचा फोन! लॅबमध्ये माझ्या हातात एका आजोबांची कवळी होती, मेणात निम्मे दात बसवून झालेले. तिला तसंच अर्धवट हसत ठेवलं आणि जिन्यात जाऊन फोन घेतला.

“ठमे, ब्रेक मारता येतो का अजून?”

एवढंच. कशी आहेस नाही, आई काय म्हणते नाही. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला ठमे म्हणणारा जगात हा एकच माणूस उरलाय, त्यामुळे राग यायच्या आधी हसूच आलं.

१ मार्चला, रविवारी, कंप्यूटरवरची आठ तासांची रेस आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आपापल्या घरी स्टिअरिंग लावून बसायचं, गाड्या पडद्यावर, पण नियम सगळे खऱ्या रेसचे. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवायची. आणि गाड्या आपल्याच, म्हणजे टूरिंग कार. रोज ऑफिसला जायच्या चार दारांच्या गाडीला आतून सोलून काढून रेसला उभं केलं की होते ती टूरिंग कार. त्यातली ती पांढरी, खोक्यासारखी गाडीही आहे म्हणाला. आमची.

“दादा, पंचवीस वर्षं झाली रे.”

“मग? स्टिअरिंग गोलच असतं अजून.”

हो म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “आठ तास? तू सिनेमाला इंटरव्हलमध्ये झोपतेस.” आईने मात्र वेगळंच विचारलं. “त्याने आपणहून फोन केला?”

११ जानेवारी, रविवार

दादाने त्याचं जुनं स्टिअरिंग आणि पेडल पार्सलने पाठवलं. खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता भलत्याच भागातला. ऑफिसातून कुणाला तरी टाकायला सांगितलं असणार. आळशी आहे, पूर्वीपासून.

स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळताना बाबांची फार आठवण झाली. बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे, घराच्या मागच्या खोलीत. टाइपरायटरांचे दिवस भरत आले तेव्हा एका ऑफिसने त्यांना मोडीत एक कंप्यूटर दिला. बाबांनी तो उघडला, साफ केला, चालू केला आणि मग त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना. दादाला कळलं. सुट्टीभर शिकवण्या घेऊन त्याने एक स्टिअरिंग आणलं. टेबलावर टाइपरायटर मांडलेले, म्हणून ते इस्त्रीच्या टेबलाला बांधायचो, बाबांच्या शिकंज्याने. मी बारा वर्षांची, तो सतरा. खोलीत शाईच्या फितींचा वास, बाबा पाठमोरे, एकेक अक्षर ठोकून बघताहेत, टक, टक, आणि दादा माझ्या कानाशी, “ब्रेक आधी, वळण नंतर. आधी, ठमे, आधी!”

आज पहिल्याच वळणावर भिंतीत गेले. दादा हेडफोनमध्ये इतका हसला की मला पण बरं वाटलं.

१८ जानेवारी, रविवार

तिसरा ड्रायव्हर मिळाला. दादाला रेसवाल्यांच्या गटात भेटले. सहासष्ट वर्षांचे आहेत, छत्तीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली. आम्ही त्यांना काका म्हणतो, ते मला ताई. पायाला हालचाल हवी म्हणून डॉक्टरांनी पेडल मारायला सांगितलं, त्यांनी ही पेडल घेतली. सायकल अपेक्षित होती, असं त्यांची सून म्हणते.

काका हळू चालवतात. लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, दादापेक्षा चार सेकंद जास्त. पण तासाभरात गाडीला ओरखडा नाही. मी विचारलं कसं जमतं, तर म्हणाले, “ताई, माझ्या मागे कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. अजूनही तसंच वाटतं. धक्का देववत नाही.”

आई शेजारी लसूण सोलत बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, पण कान शाबूत. दादाचं बोलणं स्पीकरवर ऐकून म्हणाली, “याचा आवाज रिकाम्या खोलीतून येतोय.” मी म्हटलं, अगं माइक तसा आहे त्याचा. तिने पुढची पाकळी सोलायला घेतली.

२७ जानेवारी, मंगळवार

लॅबमधली भट्टी बंद पडली, साहेबांनी अकरालाच घरी सोडलं. म्हटलं थोडा सराव करावा. सुरू केलं तर ट्रॅकवर दादा! मंगळवारी, सकाळी साडेअकराला. खाली आकडा दिसतो, त्या सकाळी त्याच्या शहात्तर लॅप झाल्या होत्या.

“ऑफिस नाही?”

“सुट्टी टाकलीये. बऱ्याच साठल्या होत्या.”

किती मनावर घेतलंय याने! लिफ्टचे आराखडे काढणारा माणूस, आयुष्यात कधी रजा घेतली नव्हती. बाबा गेले तेव्हाही चौथ्या दिवशी कामावर. आणि आता माझ्याबरोबर खेळायला सुट्टी. मग काय, दोन तास दोघंच पांढऱ्या गाड्या घेऊन एकामागे एक फिरलो. रेस नाही, सराव नाही, नुसतं फिरणं. शेवटच्या वळणाआधी डावीकडे झाडांची रांग आहे, तिथे त्याने वेग कमी केला आणि म्हणाला, “आई तेव्हा भरवायची आठवतं का? आपले हात मोकळे नसायचे म्हणून.”

आठवतं. सुट्टीत आम्ही बारा तासांची रेस लावली होती, तासातासाने अदलाबदल. आई ताट घेऊन मागे उभी राहायची, वळण संपून सरळ रस्ता आला की घास. तिला तो ट्रॅक आमच्याइतकाच पाठ झाला होता.

“काय भरवायची गं ती? मला पदार्थ आठवत नाही, नुसता हात आठवतो,” दादा म्हणाला.

मी म्हटलं आईला विचारते. विसरले.

१ फेब्रुवारी, रविवार

आज वेळापत्रक ठरलं. एका ड्रायव्हरने सलग चालवायच्या भागाला स्टिंट म्हणतात. सलग दोन तासांच्या वर कुणी बसायचं नाही, बसला तर गाडी रेसमधून बाद. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे पेट्रोलचा, टायरच्या झिजेचा असा तक्ता केलाय त्याने की बघत राहावं. चार रंगांत. आधी थट्टा करत होता, आता टीमचा मॅनेजर मीच म्हणून सांगतो.

सुरुवात दादा. मग मी, मग काका, मग मी, मग काका, मग दादा दोनपासून चारपर्यंत. शेवटचा तास मी. शेवटचा तास दादाने घ्यावा असं मला वाटत होतं, पण तो म्हणाला, “नको. शेवट तू कर. मला शेवट करायला नको सांगूस.”

केवढा विश्वास टाकलाय माझ्यावर.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाने त्याच्या बैठकीचा फोटो पाठवला. इस्त्रीचं टेबल! त्याच्यावर स्टिअरिंग आवळलेलं, मागे कोरी भिंत. मी पोट धरून हसले. चांगला मोठा फ्लॅट असलेला माणूस, आणि मुद्दाम इस्त्रीच्या टेबलावर बसतो, जुन्या दिवसांची मजा यावी म्हणून. वहिनी काही बोलत नाही का, असं लिहिलं. त्याने अंगठा पाठवला.

खरंच, वहिनीशी बोलून महिने झाले. भाचीचा अभ्यास चालू असेल. फोन केला पाहिजे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लॅप २:०४ च्या आत! दादाला सांगितलं तर म्हणाला, “बाबांना सांग.”

२२ फेब्रुवारी, रविवार

तीन तासांची रंगीत तालीम. चांगली झाली. मला एक कबूल करायचंय, इथेच करते. ही रेस कधी होऊच नये, नुसता सराव चालू राहावा असं वाटतं. संध्याकाळी साताला हेडफोन घातला की मागची खोली, शाईचा वास, बाबांची टकटक, सगळं जागच्या जागी असतं. दादा परत माझा दादा असतो. मधली वीस वर्षं तो कुणाचा तरी साहेब, कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी बाबा होता आणि माझ्या वाट्याला वर्षातून दोन फोन. स्वार्थी आहे मी.

काका आज सराव संपल्यावर मागे थांबले. “ताई, तुमचे भाऊ जेवतात कधी?” मी म्हटलं, म्हणजे? “नाही, मी जेव्हा बघतो तेव्हा गाडीतच असतात.” मी म्हटलं, काका, वेड आहे ते त्याचं, लहानपणापासून. ते “बरं” म्हणाले.

१ मार्च, रविवार

अक्षराकडे बघू नये, रागात लिहितेय.

नऊला चौतीस गाड्या सुटल्या. दादा सतरावा होता, पावणेदोन तासांत नवव्या जागेवर आणून गाडी माझ्या हातात दिली. मी दोन जागा गमावल्या, एक परत मिळवली. काकांना एकाने मागून धडक दिली, गाडी गोल फिरली, काका फक्त “अरे अरे” म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. चौदावे झालो. मी अकराव्यावर आणली, काकांनी ती तिथेच राखली. नवरा तक्ता घेऊन मागे येरझाऱ्या घालत होता, आई सकाळपासून स्पीकरजवळ खुर्चीत. दोन वाजून पाच मिनिटांनी दादा बसला.

काय चालवली! एवढी वर्षं मी त्याचं ड्रायव्हिंग मनात जपलं होतं, मला वाटायचं मीच फुगवून ठेवलंय. नाही. तो ब्रेक मारतो ते कळतच नाही, गाडी आपणहून वळते जणू. सव्वातीनला पेट्रोल घेऊन तोच पुढे गेला. पावणेचारला सहावे होतो. सहावे! नवऱ्याने तक्त्याची गुंडाळी करून टेबलावर आपटली.

चारला ड्रायव्हर बदलायला ट्रॅकवरून आत यायचं ठरलं होतं. मी पेडलवर पाय ठेवून तयार.

“दादा, या लॅपला आत.”

“अजून एक. टायर चांगले आहेत.”

पुढच्या लॅपला पुन्हा तेच. नवरा म्हणाला, अगं चार वाजून पाचला त्याचे दोन तास भरतात. मी ओरडले, “दादा, बाद होऊ! आत ये!”

“एकच गं. थांब ना जरा.”

आत यायचा रस्ता उजवीकडे आला आणि तो सरळ गेला.

काका मध्ये पडले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “घाई नाही. पुढे रस्ता मोकळा आहे. आपण सगळे इथेच आहोत. आता हळूच उजवीकडे घ्यायची.” चार वाजून सहा मिनिटांनी पडद्यावर काळा झेंडा आला. बाद. त्यानंतरही तो फिरतच राहिला, दोन लॅप, कंप्यूटरने गाडी काढून घेईपर्यंत.

मी त्याला नको नको ते बोलले. दोन महिन्यांची मेहनत मातीत घातलीस, कायम स्वतःचंच खरं करतोस, माझा एक तासही तुला सोडवला नाही, असं सगळं. तो शांतपणे म्हणाला, “चुकलं माझं,” आणि बंद झाला.

आई उठून आत गेली. जाताना म्हणाली, “ओरडायची काय गरज होती?” तिचं दादाच्या बाबतीत असंच आहे, पहिल्यापासून.

३ मार्च, मंगळवार

दादाने फोन उचलला नाही. मीही एकदाच केला. माझ्या बाजूने बरोबर आहे मी.

५ मार्च, गुरुवार

काकांचा फोन आला, लॅबमध्येच. मला वाटलं निकालाबद्दल. म्हणाले, “ताई, रागवू नका. मी छत्तीस वर्षं माणसं उचलली. दारातून आवाज ऐकला की कळायचं, स्ट्रेचर सावकाश आत न्यायचं की धावत न्यायचं. तुमच्या भावाचा आवाज मला बरा वाटत नाही. कुणीतरी जाऊन बघायला हवं.”

“बघायला म्हणजे काय? वहिनी आहे ना तिथे.”

“आहेत का?” काकांनी विचारलं.

घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने माझी बॅग आधीच काढून ठेवली होती. कपड्यांच्या वर एक रिकामा डबा, निघताना भरून द्यायला. “शनिवारची सकाळची गाडी धर,” म्हणाली.

७ मार्च, शनिवार

पाच तासांचा प्रवास करून दादाच्या घरी पोचले. वहिनीने दार उघडलं. मला बघून दचकली.

“तो इथे राहत नाही गं. नोव्हेंबरपासून. मला वाटलं, त्याने सांगितलं असेल तुम्हाला.”

तिने बसवलं, पाणी दिलं. भाची आतून डोकावून गेली, वाढलीये. भांडण असं काही नाही म्हणाली वहिनी. “कित्येक वर्षं आम्ही एकमेकांना फक्त निरोप देत होतो. गॅस आलाय, फी भरलीये, असे. एके दिवशी तेही संपले.” ती वाईट नाही. तिचेही डोळे सुजलेले होते. कागदावर तिने पत्ता लिहून दिला, आणि मग जिन्यात मागून येऊन म्हणाली, “तो ऑफिसलाही जात नाहीये. त्यांचा फोन इथे आला होता. तू आलीस ते बरं झालं.”

खोली तिसऱ्या मजल्यावर. दादाने दार उघडलं तेव्हा दाढी वाढलेली, आणि अंगात बाबांचा जुना स्वेटर. आत एक गादी, एक खुर्ची, इस्त्रीचं टेबल. पडदे नाहीत. बोललं की आवाज भिंतींवरून परत येत होता. मी दारातच उभी राहिले. दोन महिने रोज संध्याकाळी मी या खोलीशी बोलत होते आणि मला ती दुसरीच खोली वाटत होती.

“ये,” तो म्हणाला. “बसायला एकच आहे. तू बस.”

मी म्हटलं, “मला का नाही सांगितलंस?”

तो खिडकीशी गेला. “तू किती खुशीत होतीस. रोज. त्या दोन तासांत मी कुणी वेगळा होतो ठमे. सगळं व्हायच्या आधीचा. रेस संपली असती की तू हेडफोन काढला असतास, आणि मग इथे...” हाताने त्याने खोली दाखवली.

मी रडले. तो नाही. मग आईने भरून दिलेला डबा उघडला, त्याने उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले आणि मग तो रडला.

८ मार्च, रविवार

खोली झाडली. दोन ताटं, दोन पेले, एक पातेलं, पडद्याचं कापड आणलं. दादाने दाढी केली. दुपारी आईला फोन लावून त्याच्या हातात दिला. त्याने तीनदा सुरुवात केली, शेवटी म्हणाला, “आई, मी एकटा राहतो आता.”

स्पीकर चालू होता. आई म्हणाली, “ते मला कळलं होतं रे. तू कधी सांगतोस याची वाट बघत होते. उद्या कामावर जाशील?”

“बघतो.”

“बघू नकोस. जा.”

काकांनाही फोन केला. त्यांनी दादाला इतकंच विचारलं, “झोप लागली का?” आणि मग म्हणाले की ऑगस्टमध्ये सहा तासांची एक रेस आहे, पण त्याची आत्ता चर्चा नको.

९ मार्च, सोमवार

सकाळी दोघं निघालो. दादाच्या अंगात इस्त्री केलेला शर्ट होता, जरा सैल झालाय. बसमधून उतरल्यावर तो ऑफिसच्या फाटकाशी थांबला. आत माणसं जात होती, एकाने “अरे, आलात!” म्हणून हात केला. दादाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, फिरतो आता माघारी. त्याने बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आत गेला.

समोरच्या बाजूला बाक होता. माझी गाडी साडेअकराची. मी बाकावर बसून राहिले, फाटकाकडे बघत. नऊ वाजले, साडेनऊ झाले. पहारेकरी दोनदा माझ्याकडे संशयाने बघून गेला. दहा वाजेपर्यंत दादा बाहेर आला नाही.

मग मी स्टेशनकडे निघाले.